रिंगणातली गोष्ट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदा वर्धापनदिनाला आपल्या बायकांच्या खेळांविषयी कोणीतरी बोलावे असे ठरले आणि चिटणीसबाईंनी मला न विचारताच माझे नाव घातले. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषणाची मला सवय नाही. पण झिम्मा-फुगडी मला अक्षर ओळखायच्या आधीपासून येते, तेव्हा दोन शब्द बोलायला हरकत नाही असे मनाशी म्हटले आणि उभी राहिले.

आपण त्यांना खेळ म्हणतो. मला विचाराल तर त्या गोष्टी आहेत. तोंडाने कमी आणि अंगाने जास्त सांगायच्या गोष्टी. आमच्या इमारतीतली एक मुलगी नाच शिकते. तिने मला सांगितले की भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार आहेत आणि त्यांत पहिला आंगिक, म्हणजे हातापायांनी, मानेने, डोळ्यांनी करायचा. कथक या नावात तर कथाच आहे. आपल्या आज्यांना हे शास्त्र ठाऊक नव्हते. पण 'किस बाई किस' म्हणत हात पुढे-मागे केले की समोर किसणी दिसायची. दोघींनी पायाला पाय लावून, हात धरून झोके घेतले की होडी व्हायची. घुमा नाचायला का येत नाही, तर अंगावर घालायला दागिना नाही. ही कारणे सांगता सांगताच ती नाचत असते. हसू येते, पण त्या हसण्याच्या आत काय आहे ते प्रत्येक बाईला कळते.

गोष्ट नाचून दाखवण्याची कला आपल्या मुलखात पुष्कळ आहे. मोखाडा-जव्हारकडे बोहाडा होतो. तो भाग २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघरमध्ये गेला. तिथे देवांचे आणि राक्षसांचे मोठाले मुखवटे चढवून रात्रभर संबळावर नाचतात. कोकणात दशावतार आहे. पण दशावतारात सीता असो की द्रौपदी, काम पुरुषच करीत आले. बाईची गोष्ट बाईने स्वतः अंगाने सांगायची जागा एकच होती, ती म्हणजे गौरीपुढचे, मंगळागौरीचे नाही तर भोंडल्याचे रिंगण. दिवसभर जी सून मान वर करीत नसे, ती त्या रात्री सासू होऊन कमरेवर हात ठेवी आणि खरी सासू समोर बसून हसे. दुसऱ्या दिवशी त्याबद्दल कोणी कोणाला विचारीत नसे.

आता माझ्या घरची हकिकत सांगते.

मला हे सारे माझ्या आईने शिकवले. माझे वडील गेले तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि आई तिशीत होती. त्यानंतर गौरीच्या रात्री ती रिंगणात आली नाही. येऊ दिली नाही म्हणणे बरोबर होणार नाही, कारण कोणी अडवलेच नाही. तीच उंबऱ्याच्या आत बसली आणि कोणी तिला उठ म्हटले नाही. तिथून ती आम्हा मुलींना शिकवी. कारल्याच्या वेलाचे गाणे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. सून माहेरी जाऊ का विचारते आणि सासू म्हणते, आधी कारल्याचे बी पेर. मग कोंब येऊ दे, मग वेल वाढू दे, फूल लागू दे, कारले लागू दे, भाजी होऊ दे. आई बसल्या जागी दोन बोटांनी बी टोचायची, तळहाताने माती सारायची, मग तिच्या मनगटातून वेल असा वर चढायचा की आम्ही बघत राहायचो. गाणे आमचे, पण गोष्ट तिच्या हातात होती.

पुढे लग्न होऊन मी इथे कात्रपला आले. मंडळाच्या मंगळागौरीत खेळू लागले. दोन वर्षांपूर्वी आई माझ्याकडे राहायला आली होती. कार्यक्रमाच्या दिवशी मी तिला घेऊन आले आणि आपण होऊन भिंतीकडेची खुर्ची दाखवून म्हटले, "आई, तू इथे बस." मंडळातल्या कोणीही मला तसे सुचवले नव्हते. माझ्याच मनात आले, लोक काय म्हणतील. खेळता खेळता माझी नजर गेली, तर मांडीवर तिचे हात हलत होते. बी पेरीत होते. उंबरा गावाकडे राहिला असे मी समजत होते, पण तो मीच बरोबर आणला होता.

गेल्या वर्षी मी खुर्ची मांडली नाही. तिला हाताला धरून रिंगणात आणले. ती नको नको म्हणाली, मग पदर खोचला आणि सासू झाली. गुडघे दुखतात म्हणून फेर हळू धरावा लागला. पण हळू धरल्यामुळेच आपल्या सर्वांना वेल चढताना दिसला. खेळ झाल्यावर आणखी दोघी काकू खुर्च्यांवरून उठून आल्या, हे तुम्हाला आठवत असेल.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवांच्या कुंकू पुसण्या-बांगड्या फोडण्याच्या चालीविरुद्ध ठराव केला. एका गावाला जे जमले ते आपल्या मंडळाला जमणार नाही का? आपल्याला तर ठरावाचीही गरज नाही. फक्त हात पुढे करायचा.

दुसरी एक गोष्ट. २०२३ साली 'बाईपण भारी देवा' हा बोलपट आला. सहा बहिणी आपापली दुःखे घेऊन मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. आपण कितीजणी मिळून तो पाहायला गेलो होतो! स्पर्धेत भाग घेऊ नये असे मी म्हणत नाही. एकसारखी नऊवारी शोभूनही दिसते. पण पाऊल चुकेल म्हणून सगळे लक्ष पावलाकडेच गेले, तर गोष्ट निसटते. खेळ शिकवताना मुलींना आधी विचारा, यात कोण बोलते आहे, कोणाला बोलते आहे.

आपल्या कात्रपला एकाच जिन्यावर रत्नागिरीची, साताऱ्याची, जळगावची आणि नागपूरची बाई राहते. कोणाकडे भोंडला, कोणाकडे हादगा, कोणाकडे भुलाबाई. गाणी वेगळी, पण सासर-माहेर तेच. पुढच्या कार्यक्रमात प्रत्येकीने आपल्या गावचा एक खेळ आणावा आणि त्यातली गोष्ट सांगावी, एवढी माझी सूचना आहे. आणि भिंतीकडच्या खुर्च्या ज्यांचे पाय दुखतात त्यांच्यासाठीच ठेवाव्यात, ही विनंती.