वेगाची मर्यादा आणि विजेची मोटार

1 जून 1948 रोजी पुणे आणि अहमदनगर यांच्या दरम्यान एस.टी.ची पहिली गाडी धावली. बरोबर 74 वर्षांनी, 1 जून 2022 रोजी, त्याच रस्त्याने एस.टी.ची पहिली विजेची गाडी धावली. तिचे नाव 'शिवाई'. पुणे शहरात तर 2019 पासूनच विजेच्या बसगाड्या फिरत आहेत. ना धूर, ना इंजिनाची घरघर. ते पाहून पुष्कळ लोक म्हणू लागले, की आता मोटार कितीही पळवा, हवा काही बिघडत नाही! आज मला बोलायचे आहे ते या 'कितीही पळवा'विषयी.

पहिला प्रश्न असा, की ही वीज येते कोठून? थोडी कोयनेच्या पाण्यापासून, थोडी उन्हापासून आणि वाऱ्यापासून. पण बरीचशी चंद्रपूर, कोराडी अशा ठिकाणी कोळसा जाळूनच तयार होते. म्हणजे पुण्यातल्या मोटारीला धुराडे नसले, तरी तिच्यासाठी चंद्रपूरचे धुराडे धूर ओकत असतेच. तरीही ही मोटार फायद्याची आहे, बरं का. पेट्रोलच्या इंजिनात इंधनातली बरीच शक्ती नुसती उष्णता होऊन वाया जाते. विजेच्या मोटारीत बहुतेक शक्ती चाकापर्यंत पोचते. मात्र ही वाचवलेली शक्ती आपण वेगात उधळली, तर कमावले ते गमावले असे होईल.

ते कसे? सायकलवर बसलेल्या माणसाला विचारा. सावकाश चालवताना वारा जाणवतही नाही. जोराने पायडल मारू लागलो, की तोच वारा छातीवर हात ठेवून मागे लोटतो. मोटारीचेही तसेच. वेग दुप्पट झाला, की हवेचा विरोध दुप्पट होत नाही, चौपट होतो. शिक्षक बंधुभगिनींनी हे गणित वर्गात जरूर घालावे. शंभर किलोमीटरचा रस्ता आहे. ताशी 80 च्या वेगाने गेलो, तर 75 मिनिटे लागतात. ताशी 100 ने गेलो, तर 60. वाचली किती? पंधरा मिनिटे. आणि हवेचा विरोध? तो दीडपटीहूनही अधिक झाला! रस्त्याशी चाकांचे होणारे घर्षण तेवढे वाढत नाही, म्हणून सगळाच खर्च दीडपट होतो असे नाही. पण बॅटरी लवकर उतरते, आणि वाचलेली पंधरा मिनिटे पुढच्या चार्जिंगच्या ठिकाणी रांगेत उभे राहून परत द्यावी लागतात.

येथे एक गंमत सांगतो. पेट्रोलची मोटार मोकळ्या रस्त्यावर चांगले ॲव्हरेज देते आणि लक्ष्मी रस्त्यावरच्या गर्दीत तेल पिते. विजेच्या मोटारीचे नेमके उलटे. गर्दीत थांबत-थांबत जाताना ती काटकसरीने वागते, कारण उभी असताना तिचे इंजिन फुकट जळत नसते. तिची उधळपट्टी होते ती मोकळ्या रस्त्यावरच्या भरधाव वेगात.

तिचा दुसरा गुण उतारावर दिसतो. पाय सैल केला, की चाकेच मोटरला फिरवू लागतात, ती वीज तयार करते आणि बॅटरीत थोडीशी परत भरते. गाडीचा वेगही आपोआप आवरतो. पण गाडी भरधाव सोडून अखेरच्या क्षणी करकचून ब्रेक दाबला, तर यातले बरेचसे ब्रेकच्या उष्णतेत जाते. मिळकत होते ती संथ चालवणाऱ्याची.

उताराचा विषय निघाला, म्हणून एक दुःखद प्रसंग सांगितलाच पाहिजे. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा रस्ता मोठ्या उताराचा आहे. 20 नोव्हेंबर 2022 रोजी तेथे एका मालवाहू गाडीमुळे सुमारे 48 वाहनांचे नुकसान झाले. डिझेल वाचवावे म्हणून चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे प्राथमिक तपासात पुढे आले. इंजिन बंद म्हणजे गाडीला आवरून धरणारा आधारच गेला. दोन पैशांच्या बचतीपायी किती जीव धोक्यात आले, पाहा! काटकसर हवी, पण ती वेग कमी ठेवून करायची. लगाम सोडून देऊन नव्हे.

विजेची मोटार हलकी नसते, हेही ध्यानात ठेवा. तिच्या बॅटरीचेच वजन काहीशे किलो भरते. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लावल्यानंतर थांबायला चौपट अंतर लागते, हा नियम तिलाही चुकत नाही. त्यात ती येते बिनआवाजी. खेड्यातला म्हातारा, शाळेत निघालेली पोरे, रस्त्यावर बसलेली गुरे यांना ती आल्याचे कळतही नाही. टायर झिजून उडणारी बारीक धूळ वेगळीच. तिला धुराडे लागत नाही.

आणि बॅटरी का आभाळातून पडते? तिच्यासाठी लिथियम लागते, काही बॅटऱ्यांत कोबाल्टही असते. परदेशात डोंगर फोडून, पाणी उपसून हे काढावे लागते. जो तो वेगाने दूरवर जायचे म्हणू लागला, तर बॅटऱ्याही मोठ्या लागतील आणि खाणीही वाढतील.

तेव्हा मंडळी, रस्त्याच्या कडेला वेगमर्यादेचा आकडा लिहिलेली ती गोल पाटी केवळ पोलिसांच्या दंडासाठी आहे, असे समजू नका. ती माणसाचा जीव वाचवते, वीज वाचवते आणि चंद्रपूरचा कोळसाही वाचवते. नवे यंत्र आले म्हणून जुना संयम टाकून द्यायचा नसतो. ज्या गावात विजेची गाडी येईल, त्या गावाने शाळेपुढचा वेग आधी ठरवावा, आणि शिक्षकांनी ते पंधरा मिनिटांचे गणित मुलांकडून एकदा फळ्यावर करवून घ्यावे. उद्या गाडी चालवणार आहेत ती हीच मुले.