हातातल्या ज्ञानाचे मोल



आम्ही वक्ते नव्हेत. मोटार रिवाइंडिंगचे छोटेसे दुकान गेली तीस वर्षे चालवीत आहोत. तेव्हा जे सांगू ते दुकानातलेच सांगू.

जळालेली मोटार घेऊन आलेले गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारते, "तार किती लागेल?" तांब्याचा भाव त्याला ठाऊक असतो. वजनावर हिशेब करायचा आणि वर थोडी मजुरी द्यायची, अशी रीत पडली आहे. म्हणजे तांब्याला किंमत, वार्निशला किंमत, बेअरिंगला किंमत. मोटार का जळाली हे ओळखणाऱ्या नजरेला मात्र किंमत नाही!

ही नजर म्हणजे काय? थ्री फेज मोटार उघडली आणि सगळ्या कॉइल सारख्याच काळ्या दिसल्या, तर बहुधा मोटारीवर भार जास्त पडला आहे. काही काळ्या आणि काही नव्यासारख्या असतील, तर एक फेज गेली असतानाही मोटार चालत राहिली आहे. त्यातही स्टार जोडणी असेल तर दोन फेज जळतात आणि एक वाचते; डेल्टा असेल तर एक जळते आणि दोन वाचतात. दोष मोटारीत नसतो, तो फ्यूजमध्ये, स्टार्टरच्या कॉन्टॅक्टमध्ये किंवा सैल वायरीत असतो. तो न काढता नुसती तार भरून दिली, तर तीच मोटार पुन्हा जळते आणि ऐन पाण्याच्या दिवसांत शेतकऱ्याचे पीक वाळते.

घरचा छोटा पंप नुसता गुणगुणतो, फिरत नाही. पुष्कळदा वाइंडिंग चांगले असते, फक्त कपॅसिटर गेलेला असतो. आता विचार करा. पैसे केवळ तारेवर मिळत असतील, तर "वाइंडिंग करू नका, कपॅसिटर बदला" असे खरे सांगणाऱ्याचेच नुकसान होते आणि खोटे सांगणाऱ्याचा फायदा होतो. म्हणून आम्ही दुकानात तपासणीची फी वेगळी लावली. काही गिऱ्हाइके रागावून गेली. "बघायचे कसले पैसे?" असे म्हणाली. त्यांतली काही परतली, काही परतली नाहीत. परंतु ज्ञानाचे पैसे मिळू लागले की खरे बोलणे परवडते, हा आमचा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट उधारीची. एका कारखान्याने आमचे बिल पाच महिने अडकवले होते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा 2006 सालचा आहे. लेखी करार असला तरी सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाल्यास व्याज लागते. त्यासाठी उद्यम नोंदणी करून ठेवावी. ती जुलै 2020 पासून सुरू आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. बिलावर नोंदणी क्रमांक आणि देय तारीख लिहू लागल्यापासून आमची वसुली सुधारली. आपल्या कामाचा कागद आपणच केला पाहिजे, तो दुसरा कोणी करून देणार नाही.

विद्यार्थी मित्रहो, आय.टी.आय.मधून बाहेर पडाल तेव्हा पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा. उघडलेल्या प्रत्येक मोटारीचे स्लॉट किती, टर्न किती, तारेचा गेज कोणता, पिच किती, ती का जळाली, हे लिहा. आमच्या अशा अनेक वह्या झाल्या आहेत. दुकानातले सामान चोर नेऊ शकेल, पण ही नजर नेऊ शकणार नाही. शिवणकाम करणाऱ्या भगिनींनाही हेच सांगणे आहे. शिलाई मशीन कोणीही विकत घेईल. कापड वाया न घालवता अंगाबरोबर बेतणे ही तुमची विद्या आहे. तिचे पैसे मागताना खाली पाहू नका.

"आपल्याच माणसाकडून पैसे कसले घेता?" असेही आम्हांला विचारले जाते. विहाराच्या पंपाचे काम आम्ही विनामूल्य करतो. पण बिल पूर्ण लिहितो आणि त्याखाली 'देणगी' असे लिहितो. कारण ज्याची किंमत आपण स्वतः जाणतो, त्याचेच दान होते. किंमत न जाणता दिले, तर घेणाऱ्यालाही ते फुकटचे वाटते, आणि उद्या आपल्याच मुलांना हा धंदा हलका वाटू लागतो.

तेव्हा दर सांगताना आवाज खाली आणू नका आणि कामात कसूरही करू नका. या दोन गोष्टी बरोबरच चालतात.