पालकाचे तोंडीलावणे आणि संततीची आस
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी पडलो मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. वैद्यकात माझा अधिकार नाही. तरीही चिटणिसांनी आहार व संतती या विषयावर बोलण्याची आज्ञा केली, ती मी शिरसावंद्य मानली. तिचे कारण शेवटी निवेदन करीन.

गर्भवती स्त्रियांना होणाऱ्या रक्तक्षयाच्या एका प्रकाराचा अभ्यास करण्यासाठी ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषी १९२८ साली भारतात आल्या. मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रियांमध्ये त्यांनी काम केले आणि यीस्टच्या अर्काने हा रोग बरा होतो, असे १९३१ साली प्रसिद्ध केले. पुढे १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळे काढण्यात आले. पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास फोलिक ॲसिड हे नाव मिळाले. विल्सबाईंच्या अर्कातील गुण त्याच जातीच्या द्रव्याचा होता.

गर्भाच्या मेंदूचा व मज्जारज्जूचा पाया पहिल्या चार आठवड्यांतच घातला जातो. त्या वेळी मातेला आपण गरोदर असल्याची वार्ताही पुष्कळदा नसते. सबब तयारी आधीपासून हवी.

आता कृती ऐका. वाटीभर हरभरे रात्री भिजवून सकाळी मऊ शिजवावेत. पालकाची एक जुडी स्वच्छ धुऊन दोन-तीन मिनिटेच वाफवावी. फार शिजविल्यास व पाणी फेकल्यास सत्त्व जाते. अर्धी वाटी चक्का, दोन चमचे भाजलेले तीळ, लसणीच्या तीन पाकळ्या, जिरे व मीठ घालून सारे एकत्र वाटावे. घट्ट वाटल्यास हरभऱ्यांचेच पाणी घालावे. शेवटी लिंबू पिळावे. त्यामुळे पालेभाजीतील व हरभऱ्यातील लोह अंगी लागते. गाजर, काकडी, मुळा यांचे लांब तुकडे करून त्यास लावून खावेत. वर लगेच चहा मात्र नको. तो लोह अंगी लागू देत नाही.

परंतु भगिनींनो, हे पोषण आहे, औषध नव्हे. अपत्याची इच्छा असणाऱ्या स्त्रीने गर्भधारणेच्या निदान एक महिना आधीपासून पहिले तीन महिने संपेपर्यंत ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिडची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज घ्यावी. वर्षभरात गर्भ न राहिल्यास, आणि स्त्रीचे वय पस्तिशीपुढे असल्यास सहा महिन्यांतच, पति-पत्नी दोघांनीही तपासणी करून घ्यावी.

'दोघांनीही' हा शब्द मी मुद्दाम उच्चारला. माझ्या घरी सून आली आणि पाच वर्षे पाळणा हलला नाही. नवस आम्ही बोललो, उपास तिने केले. हळदीकुंकवाला तिला टाळले जाई, तेव्हा मी वर्तमानपत्रात डोके घालून बसे. जन्मभर मुलांना 'आधी पडताळा पाहा, मग उत्तर लिहा' असे शिकविणाऱ्या मास्तराने स्वतःच्या घरी पडताळ्यावाचून उत्तर लिहिले. अखेर तपासणी झाली, तो दोष माझ्या मुलाकडे निघाला. त्याची तंबाखू त्याच दिवशी सुटली.

पुढे नातवंड झाले की नाही, हे मी सांगणार नाही. सुनेची किंमत त्यावर ठरू नये, एवढ्याचसाठी मी आज उभा राहिलो. हे तोंडीलावणे घरोघरी करा. पण ते दोन पानांत वाढा आणि पहिला घास सुनेला घेऊ द्या.