नेम न धरता पाहणे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत मारतहळ्ळी येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, नाट्यसंगीत किंवा बृहन्महाराष्ट्रातील मराठीचे भवितव्य अशा भारदस्त विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. आजच्या निमंत्रणपत्रिकेवर मात्र ‘हरणाच्या शिकारीसाठी परवडणारी दुर्बीण’ असे छापलेले पाहून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. हा विषय मी उकरून काढलेला नाही. आपल्यातील एका कुटुंबाचा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत असतो. तेथील सहकाऱ्यांनी त्याला नोव्हेंबरातील हरणांच्या शिकारीला बोलावले. रायफलीवर बसवायचा स्कोप माफक किमतीत कोणता घ्यावा, असे त्याने वडिलांना विचारले आणि वडिलांनी तो प्रश्न आपल्या मंडळाच्या बैठकीत मांडला. त्याबरोबर दोन तट पडले. एका तटाने कानांवर हात ठेवले. दुसऱ्या तटाला आजोबांची दुनळी बंदूक आणि दिवाणखान्यातील सांबरशिंग आठवले. मला दुर्बिणींचा जुना नाद आहे, म्हणून निवाडा माझ्याकडे आला. तो आज देतो.

प्रथम हे मान्य करू की शिकार आपल्याला परकी नाही. कोल्हापूर संस्थानात शिकवलेले चित्ते काळविटांवर सोडण्याचा खेळ चालत असे, आणि त्यासाठी आफ्रिकेतूनही चित्ते आणले जात. दाजीपूरचे रान हे त्याच संस्थानाचे राखीव शिकारीचे रान होते. ज्या मुलखात आपण पोटापाण्यासाठी येऊन राहिलो, तेथेही तेच. बंडीपूर आणि नागरहोळे ही म्हैसूरच्या वडियार राजांची शिकारीची राने. नरभक्षक वाघ-बिबट्यांच्या मागावर फिरलेले आणि त्या कथा लिहिणारे केनेथ अँडरसन (१९१०–१९७४) याच बेंगळुरूचे रहिवासी होते.

परंतु त्याच रानांचे पुढे काय झाले, तेही पाहावे. दाजीपूर १९५८ साली अभयारण्य झाले. बंडीपूर १९७३ साली व्याघ्र प्रकल्पात आले. भारतातील अखेरचे म्हणून ज्ञात असलेले तीन चित्ते १९४७ साली कोरियाच्या महाराजांच्या गोळ्यांना बळी पडले आणि १९५२ साली चित्ता देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक निर्बंध आले. आरंभी त्या कायद्यात परवान्याने शिकार करण्याची जी थोडी वाट ठेवली होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. त्यामुळे आपल्या देशात हरणावर रोखण्यासाठी स्कोप कोणता, हा प्रश्नच उरत नाही. चितळ असो, सांबर असो वा भेकर, त्याची शिकार हा गुन्हा आहे. आजोबांच्या बंदुकीचा परवाना वैध असला तरीही गुन्हाच आहे.

अमेरिकेतील स्थिती निराळी आहे. तेथे लांडगे आणि पुमा बहुतेक प्रदेशांतून हटवले गेले, शेपटीखाली पांढरे असलेले तेथील हरीण अमाप वाढले, आणि प्रत्येक राज्य हंगाम, परवाना व संख्या ठरवून शिकारीला मुभा देते. तेव्हा त्या मुलाला पापी ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. मात्र माझ्या सरकारी सेवेने मला एक शिस्त लावली आहे: वस्तूचा दर विचारण्याआधी नियम वाचावा. व्हिसावर राहणाऱ्या परकीय नागरिकाने बंदूक बाळगण्यावर तेथील संघीय कायद्याची बंधने आहेत. शिकारीचा वैध परवाना असल्यास त्यांतून सूट मिळते. राज्याराज्यांचे नियमही वेगळे आहेत. ते पाहिल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये.

आता दुर्बिणीकडे वळतो. सरकारी खरेदीत दोन लिफाफे असतात, एक तांत्रिक व दुसरा दराचा. तांत्रिक लिफाफ्यात जो उत्तीर्ण होतो, त्याचाच दर उघडतात. स्वस्त आणि परवडणारे यांतील भेद याहून सोप्या रीतीने मला सांगता येणार नाही.

स्कोपवर ‘३-९ × ४०’ असे आकडे असतात. म्हणजे चित्र तीनपासून नऊपट मोठे करता येते आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर आहे. झाडीत हरीण बहुधा शंभर-दीडशे मीटरांच्या आत दिसते. तेथे तीन-चार पटच पुष्कळ होते. अधिक पटींच्या मोहाने दृष्टिक्षेत्र आखडते आणि हलते हरीण सापडतच नाही. रायफल मागे धक्का देते, म्हणून डोळा आणि भिंग यांत तीन-चार इंच अंतर राहील असाच स्कोप हवा. नाहीतर त्याची कड भुवई फोडते. शिकारीसाठीचे बहुतेक साधे स्कोप शंभर यार्डांच्या अंतराला जुळवलेले असतात, म्हणजे त्या अंतरावर डोळा किंचित सरकला तरी फुलीची रेघ लक्ष्यावरून ढळत नाही. फुली सरकवण्याच्या चाकीचा एक ‘टक्’ शंभर यार्डांवर साधारण पाव इंचाचा असतो. आणि बसवण्याच्या कड्या हलक्या घेतल्या, तर उत्तम स्कोपही दर गोळीगणिक हलतो. हा झाला तांत्रिक लिफाफा.

एवढे सांगून माझा निवाडा मात्र असा आहे की त्या मुलाने पहिले पैसे स्कोपवर खर्चू नयेत. हातात धरायच्या दुर्बिणीवर खर्चावेत. यामागे माझी भूतदया आहे असे कोणी समजू नये. हे शिकारीच्या सुरक्षिततेचे पहिले पाठ आहेत. स्कोप रायफलीवर घट्ट बसवलेला असतो. त्यातून जिकडे पाहाल तिकडे नळी रोखली जाते. झुडपामागे हलले ते हरीण आहे, गाईचे वासरू आहे की दुसरा शिकारी आहे, हे स्कोपातून पाहणे म्हणजे ओळख पटण्याआधीच माणसावर बंदूक रोखणे. तेथील जाणते शिकारी म्हणूनच आधी दुर्बिणीने निरखतात आणि खात्री पटल्यावरच रायफल खांद्याला लावतात. स्कोप हे असे भिंग आहे की त्यातून नेम धरल्याशिवाय पाहताच येत नाही. हातातली दुर्बीण मात्र नुसते पाहू देते.

आणि येथेच त्या मुलाचा प्रश्न आपल्या सर्वांचा होतो. कारण अशी दुर्बीण मारतहळ्ळीतल्या प्रत्येक घरी असावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

ती निवडावी कशी? तिच्यावर ‘८ × ४२’ असे आकडे असतात. ४२ ला ८ ने भागा, सव्वापाच येतात. दुर्बीण हातभर दूर धरून उजेडाकडे पाहिले असता डोळ्याकडच्या भिंगात जो प्रकाशाचा गोल दिसतो, त्याचा व्यास तेवढे मिलिमीटर असतो. आता आपला डोळा पाहा. तरुणाची बाहुली काळोखात सात मिलिमीटरांपर्यंत विस्फारते. पन्नाशी ओलांडलेल्यांची पाचाच्या आसपास थांबते. म्हणजे ‘७ × ५०’ ची वजनदार दुर्बीण माझ्या वयाच्या माणसाने गळ्यात वागवली, तर तिचा सात मिलिमीटरांचा गोल बाहुलीत मावत नाही आणि जादा प्रकाश बाहेरच सांडतो. उलट खिशात मावणारी ‘१० × २५’ केवळ अडीच मिलिमीटरांचा गोल देते. दुपारी ती उत्तम, पण हरणे चरायला निघतात त्या संधिप्रकाशात ती आंधळी होते. शिवाय दहापटींच्या वर हाताचा कंपही तितकाच मोठा दिसू लागतो. म्हणून ‘८ × ४२’ किंवा ‘८ × ४०’ हा मध्यममार्ग. आबालवृद्धांना चालणारी, रानात आणि तळ्याकाठी सारखीच उपयोगी अशी ती जोडी आहे.

दुसरी गोष्ट भिंगांवरील लेपाची. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग धरले, तरी एकतृतीयांश प्रकाश वाटेतच हरवतो. यावर उपाय म्हणजे अत्यंत पातळ लेप. झाइस कंपनीतील स्माकुला यांनी १९३५ साली तो शोधला. सर्व पृष्ठभागांवर अनेकपदरी लेप आहे, असे पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले असेल तीच घ्यावी. माणकासारखी लाल चमकणारी भिंगे पाहून भुलू नये. ती तांबडा प्रकाश परतवतात आणि रान निळसर दाखवतात.

तिसरी गोष्ट लोलकांची. सरळ नळ्यांची दुर्बीण सुबक दिसते, परंतु तिचे लोलक काटेकोर घडवावे लागतात, म्हणून ती महाग. इटलीच्या पोर्रो यांनी १८५४ साली पेटंट घेतलेल्या रचनेची, खांदे फुगलेली, जुन्या वळणाची दुर्बीण त्याच किमतीत बहुधा अधिक स्वच्छ चित्र देते. प्रकाशाचा गोल पूर्ण वाटोळा आहे की कडांना करडा, चौकोनी झाला आहे, हे दुकानातच पाहावे. चौकोनी असेल तर लोलकाची काच हलकी आहे. चष्मा असणाऱ्यांनी चष्म्यासकट पाहावे. डोळ्याचे अंतर पंधरा मिलिमीटर किंवा अधिक हवे. पटी कमीजास्त करता येणारी स्वस्त दुर्बीण आणि एकदाच जुळवून ठेवलेली दुर्बीण, या दोन्ही वर्ज्य समजाव्यात.

या कसोट्यांना उतरणारी दुर्बीण आज साधारण आठ ते पंधरा हजार रुपयांत मिळते. घरी आणल्यावर डावा डोळा मधल्या चाकीने व उजवा डोळा त्याच्या कड्याने जुळवून घ्यावा. पुष्कळांना हे ठाऊकच नसते आणि ते दुर्बिणीला दोष देतात. पावसाळ्यात भिंगांवर बुरशी चढू नये म्हणून सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या बंद डब्यात ती ठेवावी.

आता ती न्यायची कोठे? बन्नेरघट्टा तर शहराला लागूनच आहे. तुमकूर जिल्ह्यात मधुगिरीकडे जयमंगली येथे काळविटांचे माळरान राखलेले आहे. नगर जिल्ह्यातील, आताच्या अहिल्यानगरातील, रेहेकुरीची आठवण यावी असा तो मुलूख आहे. बंडीपूर दूर आहे, पण एका सुट्टीत होते. उन्हाळ्यात कबिनीचे पाणी ओसरले की काठाच्या हिरवळीवर चितळांचे कळप उतरतात. तेथे मुलांना दुर्बीण द्या आणि स्वस्थ बसा. वानरे झाडावरून पाने-फळे टाकतात आणि खाली चितळ ती वेचतात, हे त्यांना दिसेल. नराच्या शिंगांवर अजून मखमल आहे की ती घासून झडली, हे दिसेल. चितळाची शिंगे गळतात आणि पुन्हा येतात, काळविटाची पिळदार शिंगे मात्र जन्मभर टिकतात. म्हणूनच शास्त्र काळविटाला हरणांत मोजत नाही, हेही तेथेच समजावता येईल. एखादे हरीण पाय आपटून ओरडले, तर सर्व कान एकाच दिशेला कसे वळतात, ते पाहायला सांगा. आपण ज्याला चितळ म्हणतो त्याला शेजारचे कन्नड मूल जिंके म्हणते, सांबराला कडवे म्हणते. ते शब्दही पोरांनी उचलावेत. ज्या मातीने आपल्याला सामावून घेतले, तिचे हे किमान ऋण आहे.

शिकाऱ्याकडे बंदुकीखेरीज आणखी एक धन असे: नजर. वारा कोणीकडचा, माग किती ताजा, पान का हलले, हे त्याला कळे. बंदूक गेली ते योग्यच झाले. पण तिच्याबरोबर ती नजरही गेली, तर आपली मुले हरीण फक्त पडद्यावर ओळखतील. नजर बंदुकीवाचून राहू शकते, याचे दाखले आपल्या डोळ्यांपुढे आहेत. सलीम अलींनी लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीची ओळख पटवण्यासाठी ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि तेथून त्यांचे आयुष्य पाहण्याकडे वळले. व्यंकटेश माडगूळकरांनी तरुणपणी शिकार केली. ‘नागझिरा’ लिहिणारे माडगूळकर मात्र रानात पाहण्यासाठी गेलेले आहेत. मारुती चितमपल्लींनी वनाधिकाऱ्याची नोकरी करता करता रानाची भाषा मराठीत आणली. या तिघांपाशी शिकाऱ्याचा धीर आणि शिकाऱ्याचे डोळे होते.

अमेरिकेतील मुलाला मी हेच कळवणार आहे. नियम वाच, ‘८ × ४२’ ची दुर्बीण घे, पहिला हंगाम सहकाऱ्यांबरोबर नुसता बसून पाहा. सूर्योदयापूर्वीच्या थंडीत हरीण धुक्यातून बाहेर येताना पाहिल्यावरही रायफल हाती घ्यावीशी वाटली, तर तो निर्णय त्याचा, आणि तो कायद्याच्या मर्यादेत असावा. तेव्हा स्कोप कोणता हे मी वर सांगितलेच आहे. पण पाहण्याचा अनुभव घेतल्यावाचून तो निर्णय होऊ नये.

जाता जाता एक सूचना. हिवाळ्यात गच्चीवर चढून हीच दुर्बीण मृग नक्षत्राकडे वळवा. मृगाच्या पोटातील तीन ताऱ्यांचा बाण आपल्या आजीने सर्वांना दाखवलेला आहे. त्या बाणाच्या खाली धुरकट प्रकाशाचा एक ठिपका दिसेल; तो तेजोमेघ आहे आणि तेथे नवे तारे जन्मत आहेत. ज्या ठिकाणी व्याधाने बाण मारला असे आपण लहानपणापासून ऐकत आलो, तेथेच हे सर्व चालले आहे. घरच्या मुलांना ते दाखवण्याची संधी दवडू नका.

 मंडळाच्या शतकमहोत्सवात याच व्यासपीठावर आपली नातवंडे बोलोत, अशी शुभेच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

जय महाराष्ट्र, जय कर्नाटक, जय हिंद.