तळणीचं तेल आणि वाडीतलं इंजिन

(माजी विद्यार्थी स्नेहसंमेलनातील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला, ‘घरच्या घरी बायोडिझेल’. त्यामागचं कारणही सांगितलं. संमेलनाच्या शिल्लक निधीतून शाळेत एक विज्ञान प्रकल्प उभा करायचा आहे. होळी बाजारातल्या गाड्यांवरून तळणीचं तेल आणायचं आणि आपल्या प्रयोगशाळेत मुलांनी त्याचं डिझेल करायचं, अशी कल्पना आहे. वाडीतल्या पंपासाठी मी सहा वर्षं हा उद्योग करतो आहे, म्हणून मला उभं केलं. तर मी कसं करतो ते आधी सांगतो, मग या प्रकल्पाबद्दल माझं मत सांगतो. ते संयोजकांना आवडेलच असं नाही.

पहिली गोष्ट, कढईतलं तेल गाळून टाकीत ओतलं की इंजिन चालतं, हे अर्धंच खरं आहे. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. खुद्द रुडॉल्फ डिझेल यांनी ते नंतर लिहून ठेवलं आहे. आपल्याकडचंही एखादं इंजिन थोडा वेळ चालेल. पण खाद्यतेल डिझेलपेक्षा दहापट घट्ट असतं. नोझलमधून त्याचा बारीक फवारा होत नाही, ते नीट जळत नाही, काजळी धरते, पिस्टनच्या रिंगा चिकटतात. म्हणून तेल पातळ करायचं, आणि त्यासाठी त्याचा रेणूच सोडवायचा.

हे रसायनशास्त्र आपण शाळेत शिकलो आहोत. साबणाचा धडा आठवा. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या एका खुंटीला टांगलेल्या तीन लांब शेपट्या. साबण करताना कॉस्टिक सोडा त्या शेपट्या पळवतो. बायोडिझेलमध्ये मिथेनॉलचे तीन रेणू येतात, एकेक शेपूट घेऊन जातात आणि ग्लिसरीन मागे राहतं. कॉस्टिक इथे फक्त मध्यस्थ. स्थळं जुळवून द्यायची आणि बाजूला व्हायचं. शेपूट आणि मिथेनॉल यांची जी जोडी होते, ते बायोडिझेल.

आता कृती. मी एका वेळी २० लिटर तेल घेतो. फडक्यातून गाळतो, कारण त्यात पिठाचे कण, मिरचीच्या बिया, काहीही असतं. मग शंभर अंशांच्या वर तापवून पाणी काढून टाकतो. तडतड थांबली की पाणी गेलं, हे इथल्या प्रत्येक वहिनीला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पाणी राहिलं तर बायोडिझेलऐवजी साबण होतो.

मग टायट्रेशन. सगळ्या कामाचा जीव इथे आहे. तेल जितकं वेळा तापलं असेल तितकी त्यात सुटी आम्लं जास्त, आणि ती कॉस्टिक खाऊन टाकतात. म्हणून आधी मोजायचं. १ मिली तेल १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवायचं, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकायचे, आणि लिटरभर पाण्यात १ ग्रॅम कॉस्टिक असलेलं द्रावण थेंबाथेंबाने सोडायचं. गुलाबी रंग टिकला की थांबायचं. जितके मिली लागले, तितके ग्रॅम कॉस्टिक दर लिटर तेलामागे जास्तीचं. ताज्या तेलाला लिटरला साडेतीन ग्रॅम लागतं. म्हणजे २ मिली लागले तर २० लिटरला ११० ग्रॅम. घरच्या डब्यातलं तेल बहुतेक वेळा १ मिलीच्या आसपास येतं. बाजारातल्या एका गाड्यावरचं तेल ७ मिलीला गेलं होतं. ते तेल त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कढईतच होतं आणि माणसं त्यातले वडे खात होती. हा आकडा लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

पुढचं पटकन सांगतो. २० लिटर तेलाला ४ लिटर मिथेनॉल. त्यात कॉस्टिक विरघळवायचं, तेल ५५ अंशांवर आणायचं, दोन्ही बंद भांड्यात एकत्र करून तासभर ढवळायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी तळाशी काकवीसारखा काळपट थर दिसतो, ते ग्लिसरीन. वर मधासारखं पिवळं. ग्लिसरीन काढून टाकायचं, वरचं पाण्याने तीनचार वेळा धुवायचं. पहिल्या धुण्यात जोरात हलवायचं नाही, नाहीतर सगळ्याचं पांढरं लोणी होतं आणि दोन दिवस सुटत नाही. मग पुन्हा तापवून पाणी उडवायचं. झालं का बघायला ३ मिली बायोडिझेल २७ मिली मिथेनॉलमध्ये टाकतो. सगळं विरघळलं तर ठीक, तळाशी तेलाचा थेंब बसला तर काम अर्धवट.

पंप चालतो का? चालतो. लाइट गेली की आमच्या केळीला त्याच इंजिनाचं पाणी. धूर कमी, वास भज्यांच्या गाड्यासारखा. पण नखरेही आहेत. जुन्या टाकीतला गाळ सुटून सुरुवातीला फिल्टर तुंबतो. रबराच्या नळ्या मऊ पडतात, त्या बदलाव्या लागतात. आणि गाड्यांवर वापरतात ते बहुतेक पामतेल. जानेवारीत पहाटे गारठा पडला की त्याचं बायोडिझेल गढूळ होतं, मेणासारखं बसतं. थंडीत मी ते साध्या डिझेलमध्ये थोडंसंच मिसळतो.

इथपर्यंत ऐकून अनेकांना वाटलं असेल, मग शाळेत करायला हरकत काय? हरकत मिथेनॉलची आहे.

तयार बायोडिझेल तसं गरीब इंधन आहे. त्याची वाफ पेट घ्यायला शंभर अंशांच्या वर जावं लागतं. मिथेनॉलची वाफ अकराबारा अंशांना पेट घेऊ शकते, आणि वसईत तेवढी थंडी पडत नाही. म्हणजे आपल्याकडे ते बारा महिने पेटायला तयार. त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. गावाचं नाव होळी असलं तरी ही होळी परवडणारी नाही. वास आणि चव साध्या अल्कोहोलसारखी, आणि घोटभर पोटात गेलं तर डोळे जातात, कधी जीव जातो. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसं गेली, ते मिथेनॉलच होतं. म्हणून ते विषाच्या कायद्याखाली येतं. मी रसायनांच्या कारखान्यात आयुष्य काढलं आहे. मिथेनॉल मी परवानाधारक विक्रेत्याकडून, कागदपत्रं करून घेतो, कुलपात ठेवतो आणि वाडीच्या उघड्या टोकाला, वाऱ्याची दिशा बघून काम करतो. घरातल्या कोणालाही तिथे येऊ देत नाही, नातवाला तर नाहीच. ज्या कामाला मी स्वतःच्या नातवाला जवळ करत नाही, त्याला शाळेतली चाळीस मुलं उभी करा असं मी कसं म्हणू?

दुसरी हरकत मागे उरणाऱ्या घाणीची. २० लिटरमागे तीनेक लिटर ग्लिसरीन उरतं, त्यात कॉस्टिक आणि मिथेनॉल असतं. धुण्याचं साबणमिश्रित पाणी तर तेलाच्या दीडदोन पट. ते जाणार कुठे? आपल्या पश्चिम पट्ट्यात बावखलं किती उरली आहेत ते तुम्ही बघता. ज्या बावखलाच्या गोड्या पाण्यावर आपल्या आजोबांनी पानवेली आणि केळी वाढवली, त्यात हे पाणी सोडून पर्यावरणाचा प्रकल्प केला म्हणायचं, हे मला जमत नाही. मी ते वेगळ्या टाकीत साठवून निष्प्रभ करतो आणि त्यात डिझेल करण्याइतकाच वेळ जातो.

आणि हिशेब म्हणाल तर, वीस लिटरसाठी माझे दोन दिवस जातात. आवड म्हणून ठीक आहे. विकायचं म्हटलं तर केंद्र सरकारच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, बायोडिझेलचं भारतीय मानक आहे आणि त्याच्या चाचण्या वाडीतल्या ब्युरेटवर होत नाहीत.

मग सगळं सोडून द्यायचं? नाही. त्या ७ मिलीकडे येतो.

तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात जी खराब द्रव्यं साठतात त्यांना ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ म्हणतात. १ जुलै २०१८ पासून आपल्या देशात नियम आहे की ती २५ टक्क्यांवर गेली की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही. त्याच वर्षी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ‘रुको’ नावाची योजना आणली. वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेल कारखान्यांना द्यायचं. नाव इंग्रजी आद्याक्षरांचं असलं तरी हिंदीत बरोब्बर बसलं आहे. रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणीला लागतं त्यांनी नोंदी ठेवायच्या आणि अधिकृत संस्थेलाच तेल द्यायचं. सरकारचं जैवइंधन धोरणही २०१८ चंच, २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळायचं म्हणतं. त्याआधी २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के म्हटलं होतं, मोगली एरंडाच्या भरवशावर. तो एरंड काही आला नाही. तेल मात्र रोज कढईत तयार होतं आहे.

पण छोट्या गाडीवाल्याला ५० लिटरचा नियम लागू नाही. त्याची कढई ८ लिटरची. ते तेल फेकलं तर त्या दिवसाची कमाई गेली. मोठ्या फरसाणवाल्याकडचं काळं तेल स्वस्तात घेऊन पुढे छोट्याला विकणारे लोकही आहेत, हे इथे धंदा करणाऱ्यांना मी सांगायला नको. त्याला दंडाची भीती घालून उपयोग नाही. काळ्या तेलाचे रोख पैसे कोणी हातात ठेवले, तर तो ते कढईतून काढेल. बायोडिझेल कारखान्यांचे गोळा करणारे लोक पैसे देतात, पण दोन लिटरसाठी होळीपर्यंत टेम्पो पाठवत नाहीत. त्यांना एका जागी दोनचार पिंपं हवीत. एवढंच अडलं आहे, आणि एवढं आपण करू शकतो.

म्हणून माझी सूचना अशी. निधीतून रिअॅक्टर घेऊ नका. पोलर कंपाउंड्स मोजणारं हातात धरायचं मीटर मिळतं, ते एक घ्या. टायट्रेशन मुलांनी बाईंच्या देखरेखीखाली प्रयोगशाळेत करावं, त्यात मिथेनॉल लागत नाही. घरचं तेल पहिल्यांदा, तिसऱ्यांदा, सहाव्यांदा तापवून आकडे काढावेत. असा प्रयोग मी माझ्या शाळेच्या दिवसांत आनंदाने केला असता. मीटर घेऊन मुलांना गाड्यांवर पाठवू नका, मार खातील. ज्या दुकानदाराला स्वतःहून तपासून हवं असेल त्याने बाटली आणून द्यावी, नाव कुठे लिहायचं नाही. आपल्या माजी विद्यार्थ्यांतच सातआठ जणांची खाण्याची दुकानं आहेत. पहिल्या बाटल्या त्यांच्या याव्यात.

मघाशी मागून एका काकूंनी विचारलं, कसलं तेल चालेल? दिवाळीचा फराळ झाला, आता नाताळाचे फुगे आणि नेवऱ्या होतील, त्याचं उरलेलं चालेल. गार झाल्यावर गाळून, कोरड्या प्लास्टिकच्या बाटलीत भरा. पाणी नको. रश्श्यावरचा तवंग नको, त्यात मीठ आणि मसाला असतो. वनस्पती तूप चालेल. इंजिनचं जुनं ऑइल चुकूनही त्यात ओतू नका, एका बाटलीने सगळं पिंप वाया जातं. पिंप शाळेत ठेवायला मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली तर उत्तम, नाहीतर आमच्या पडवीत जागा आहे. गोळा करणाऱ्या दोघांशी माझं बोलणं झालं आहे. २०० लिटर भरलं की टेम्पो येईल. तो वाडीतल्या पंपाचं तेल मागणार नाही, एवढं मी आधीच ठरवून घेतलं आहे.