खोक्यातला उजेड आणि आपल्या मालाचा खरा रंग

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयकांनी सांगितलेली माहिती)



आज बचतीचा हिशोब नाही, आज फोटोचा विषय आहे. प्रदर्शनात गिऱ्हाईक आपली तूरडाळ हातात घेऊन बघतं, हळदीचा वास घेतं. मोबाईलवर यातलं काहीच होत नाही. उमेदमार्ट असो, ई-सरस असो की व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप, तिथं फोटो हेच आपलं दुकान. मागच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "मॅडम, हळद तर आमची चांगली आहे, मग फोटोत अशी तांबडी काहून दिसते?" दोष हळदीचा नाही, उजेडाचा आहे.

आधी कारण समजून घेऊ. भर उन्हात आपली सावली काळीकुट्ट पडते. आभाळ भरून आलं की सावली जवळजवळ दिसतच नाही. सूर्य तोच असतो, पण ढगामुळे उजेड सगळीकडून पसरून येतो. आपल्याला असाच ढग खोक्यात आणायचा आहे.

किराणा दुकानातून दीड फुटाच्या आसपासचं पुठ्ठ्याचं खोकं मागून आणा. त्याचं तोंड आपल्याकडे येईल असं आडवं ठेवा. डावी, उजवी आणि वरची बाजू खिडकीसारखी कापा, कडेला दोन इंच पुठ्ठा राहू द्या. या तिन्ही खिडक्यांवर जुन्या पांढऱ्या धोतराचं धुतलेलं कापड किंवा बटर पेपर ताणून चिकटवा. कापड पांढरंच हवं. रंगीत लावलं तर तोच रंग डाळीवर उतरतो. मग पांढरी कार्डशीट मागच्या भिंतीला वर चिकटवून खाली तळापर्यंत सोडा. तिला घडी घालू नका, गोलाई राहू द्या. म्हणजे फोटोत मागे कोपऱ्याची रेघ दिसत नाही.

आता उजेड. ९ वॅटचे दोन एलईडी बल्ब घ्या, एकाच कंपनीचे आणि एकाच रंगाचे. खोक्यावर ६५०० के लिहिलेलं असेल तो पांढरा उजेड. एक डावीकडे, एक उजवीकडे, कापडापासून अर्धा फूट लांब, बाहेरून लावा. जुना पिवळा तारेचा बल्ब किंवा हॅलोजन अजिबात नको. ते तापतात, कागद पेटू शकतो. फोटो काढताना घरातले बाकीचे दिवे बंद करा, खिडकीही झाका. पिवळा आणि पांढरा उजेड एकत्र आला की मोबाईल गोंधळतो अन् हळद तांबडी होते.

लाईट गेली तर? खोकं खिडकीजवळ ठेवा, थेट ऊन नको. दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा करा, तो उजेड परत फेकतो.

मोबाईलची काच पदरानं पुसा. फ्लॅश बंद. झूम करू नका, मोबाईलच जवळ न्या. हात हलत असेल तर डब्यांवर टेकवा आणि टायमर लावा. पांढरी शीट राखाडी दिसली तर पडद्यावर मालावर बोट ठेवा, सूर्याची खूण येईल, ती थोडी वर सरकवा. अ‍ॅमेझॉनवर मुख्य फोटोला मागे पांढरंच लागतं आणि वस्तूनं चौकटीचा ८५ टक्के भाग भरावा लागतो, हे ध्यानात असू द्या. पापड-कुरडया पांढऱ्यावर हरवतात. त्यांचा आणखी एक फोटो गडद शीटवर काढा.

आपल्याकडे मानोरा तालुक्यात, पोहरादेवीच्या भागात, तांड्यावरच्या बायांचं काचांचं भरतकाम असतं. तिथं आरशात आपलाच चेहरा आणि मोबाईल दिसतो. खोक्याच्या तोंडाला पांढरी शीट लावा, मोबाईलच्या काचेपुरतं भोक पाडा अन् त्यातून फोटो काढा. चकाकणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटालाही हाच उपाय.

एका मालाचे तीन फोटो हवेत: पाकीट समोरून, वाटीत काढलेला माल जवळून, आणि मागची चिठ्ठी. चिठ्ठीवरचं वजन, तारीख आणि एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर वाचता आला पाहिजे.

अन् एक गोष्ट नक्की. फोटोला फिल्टर लावून रंग वाढवू नका. फोटोत पिवळीधम्मक दिसलेली हळद घरी फिकी निघाली, तर पार्सल परत येतं, जाण्या-येण्याचा खर्च गटाच्या माथी पडतो आणि ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. फोटो झाल्यावर पाकीट मोबाईलशेजारी धरा. दोन्हीचा रंग सारखा दिसला तरच तो पाठवा.

गटागटानं वेगळा खर्च नको. प्रत्येक ग्रामसंघानं एक खोकं करावं, ते आळीपाळीनं वापरावं. पुढच्या बैठकीला प्रत्येक गटानं आपल्या एका मालाचे तीन फोटो आणावेत, सोबत तो मालही आणावा. दोन्ही शेजारी ठेवून आपण सगळ्या मिळून बघू.