तव्यावरचं कॅल्शियम

धडगाव, मोलगीच्या डोंगरात एकाच तव्यावर कधी नागलीची भाकर पडते, कधी ज्वारीची, कधी मक्याची. पोट तिन्हींनी भरतं. पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2017 साली आपल्या अन्नधान्याचे जे तक्ते काढले, ते उघडले की डोळे मोठे होतात. शंभर ग्रॅम नागलीत कॅल्शियम 364 मिलिग्रॅम. तेवढ्याच ज्वारीत 28, मक्यात 9 आणि पांढऱ्या तांदळात सात-आठ. म्हणून नंदुरबार जिल्ह्यात कॅल्शियमविषयी बोलायचं, तर मी या तव्यापासूनच सुरुवात करतो.

दुधाचं म्हणाल, तर गाईच्या किंवा म्हशीच्या शंभर ग्रॅम दुधात साधारण 120 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि ते अंगी चांगलं लागतं. शहादा, तळोद्याच्या सपाटीवर ज्यांच्या दारात म्हैस आहे, त्यांनी सगळंच दूध डेअरीत घालू नये, घरच्या लेकरांसाठी थोडं ठेवावं. वर सातपुड्यात मात्र दूध पिण्याची चाल फारशी नाही. दूध वासराचं, असं मानणारी घरं तिथं पुष्कळ आहेत. त्या घरातल्या बाईला ‘रोज दोन ग्लास दूध घेत जा’ असं सांगणारा माणूस सल्ला देऊन मोकळा होतो, एवढंच.

आता लागतं किती? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं 2020 साली प्रौढ माणसासाठी दिवसाला 1000 मिलिग्रॅम ही शिफारस केली. त्याआधी 2010 साली ती 600 होती. अंगावर पाजणाऱ्या आईला 1200 लागतात, एक ते तीन वर्षांच्या बाळाला 500, आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलगा-मुलगी भराभर वाढतात तेव्हा मोठ्या माणसाइतकंच, म्हणजे 1000.

शरीरातलं नव्व्याण्णव टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. उरलेलं एक टक्का रक्तात आणि पेशींत फिरतं, पण हृदयाचा ठोका, स्नायूंचं आखडणं-सैलावणं, रक्त गोठणं ही सगळी कामं त्याच्याकडे. त्यामुळे रक्तातली पातळी शरीर ढळू देत नाही. जेवणातून आलं नाही, तर हाडांच्या कणगीतून काढतं. कणगी रिकामी होत चालल्याचं बाहेरून दिसत नाही, दुखतही नाही. म्हणूनच तरुणपणी कुणी या हिशेबाच्या वाटेला जात नाही.

आपण तो करून पाहू. घरात तान्हं बाळ असलेली आई धरा. दिवसभरात नागलीचं दोनशे ग्रॅम पीठ तिच्या पोटात गेलं, तर सुमारे 730 मिलिग्रॅम झाले. पन्नास ग्रॅम कुळथाचे 135. शेवग्याचा मूठभर पाला, तोही पन्नास ग्रॅम, त्याचे 155. वर दहा ग्रॅम तिळाची चटणी, त्याचे शंभरावर. बेरीज 1100 च्या पुढे जाते. आता यातली नागली काढा आणि ज्वारी ठेवा, बाकी ताट तसंच. बेरीज साडेचारशेच्या आसपास घसरते. भात ठेवला तर आणखी खाली. आणि हो, सगळ्या भरडधान्यांना एकाच मापानं मोजू नका. भगर चांगली, पचायला हलकी, पण कॅल्शियमसाठी तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

पोटात गेलेलं सगळंच अंगी लागत नाही, हेही खरं. नागलीत फायटेट नावाचा घटक असतो, तो कॅल्शियमला धरून ठेवतो. यावर आपल्या आयाबायांचा उपाय जुनाच आहे. नागली रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवून हलकी भाजायची आणि दळायची. सहा महिने पुरे झाल्यावर बाळाच्या वरच्या खाण्यात हे सत्त्व यायला हरकत नाही. पीठ रात्री आंबवून केलेली आंबीलही त्याच कारणानं चांगली. पालकाची गोष्ट उलटी आहे. त्यात कॅल्शियम दिसतं, पण ऑक्झॅलेट इतकं की अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध प्रयोगात पालकातलं जेमतेम पाच टक्के शोषलं गेलं, दुधातलं पंचवीस टक्क्यांहून जास्त. पालक इतर गुणांसाठी खा. आठवडे बाजारात मिळणारे सुके मासे आणि ओढ्यातले बारके मासे काट्यांसकट चावून खाल्ले, तर ते या कामाचे. मीठ मात्र धुऊन काढा, आणि लहान मुलांना देताना काट्यांवर नजर ठेवा.

इतकं सगळं असून नागली मागे का पडली? डोंगरउतारावर रोप टाकायचं, लावणी करायची, कणसं खुडायची, मळायची, बारीक दाणा साफ करायचा, आणि यातलं बहुतेक काम बाईच्या वाट्याचं. दुसरीकडे रेशनवर तांदूळ आयता मिळतो. त्यात दोष बाईचा नाही. आदिवासी भागात 2015 पासून अमृत आहार योजनेत अंगणवाडीत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं. त्या ताटातली भाकर गावच्याच नागलीची असावी, असं मला वाटतं. आईच्या हाडांना आणि गावातल्या शेतकऱ्याला, दोघांनाही ते बरं.

दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे जाणाऱ्या कुटुंबांचे सहा महिने भात, बटाटा आणि मिरचीवर निघतात. नागलीच्या दाण्याला कीड सहजी लागत नाही, वर्षानुवर्षं टिकतो. पीठ नेण्यापेक्षा दाणाच गाठोड्यात बांधून न्यावा आणि लागेल तसा दळून घ्यावा.

गरोदर बहिणींसाठी एक गोष्ट सावकाश सांगतो. आहारात कॅल्शियम कमी असेल, तर गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका वाढतो. यासाठी सरकारी दवाखान्यातून 500 मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात. चौथा महिना लागल्यापासून बाळंतपणापर्यंत आणि पुढे सहा महिने, दिवसातून दोन. या गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या. लोहाची लाल गोळी त्यांच्यासोबत घ्यायची नाही, कारण कॅल्शियम लोहाला शोषू देत नाही. मध्ये निदान दोन तास जाऊ द्या. मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना सांगा.

गोळ्या चांगल्या म्हणून दुप्पट घेऊ नका. अन्न आणि गोळ्या मिळून दिवसाला 2500 मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही. अंग दुखतं म्हणून कॅल्शियमचं इंजेक्शन टोचून घेण्याचीही एक खोड पडली आहे. ते टोचताना अंगात गरम लाट उठते आणि माणसाला वाटतं, औषध लागू पडलं. ते इंजेक्शन शिरेतून फार हळू, देखरेखीखाली, ठरावीक आजारांत द्यायचं असतं. थकव्यावर ते औषध नव्हे.

आणि तंबाखूबरोबर चुना मळणारा कुणी ‘यात कॅल्शियम असतं’ म्हणालाच, तर त्याला सांगा, चुन्यानं तोंड आतून भाजतं आणि त्याच जागेवर तंबाखू बसते. कॅल्शियम हवं असेल तर घरी जाऊन नागलीची एक भाकर जास्त माग.